माध्यमिक शाळेत संगीत : गुण, गळा आणि कान



आजचा विषय वरवर साधा आहे. माध्यमिक शाळेत संगीत शिकवावं का, आणि शिकवायचं तर नेमकं काय शिकवावं? खारबावसारख्या गावात हा विषय काढला की कोणीतरी हळूच म्हणतं, ‘सर, दहावीच्या गणिताचं बघू की गाण्याचं?’ प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून पुढे जायचं नाही. पण गणिताबद्दल आपण कधी असं विचारतो का, की ज्याला गणिती व्हायचं नाही त्याने ते का शिकावं? विचारत नाही. संगीताबद्दल मात्र लगेच विचारतो, ‘गायक होणार आहे का हा?’ आजचं सगळं विवेचन या एका फरकाभोवती फिरणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही गायक नाही. आमची हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. तेव्हा गळ्यातून काही सिद्ध करून दाखवू असं नाही. संगीत शिकवण्याच्या आपल्या रीतीमागे कोणती गृहीतकं आहेत ती तपासायची आणि ती टिकतात का ते बघायचं, एवढंच आपलं काम.

आज शाळेत संगीत कुठे भेटतं? दोन ठिकाणी. एक स्नेहसंमेलनात आणि दुसरं प्रमाणपत्रात. स्नेहसंमेलनात काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर उजाडला की ज्यांचा गळा मुळातच बरा आहे अशी आठ-दहा मुलं वेगळी काढतात, त्यांच्याकडून दोन गाणी घोटून घेतात, आणि उरलेली शाळा टाळ्या वाजवते. हे शिकवणं नाही, ही निवड आहे. ज्याला येतं त्याच्याकडून करून घ्यायचं आणि ज्याला येत नाही त्याला बाहेर बसवायचं. गणिताच्या शिक्षकाने असं केलं तर पालक शाळेवर मोर्चा नेतील.

प्रमाणपत्राची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणून ती इतिहासापासून बघू.

आपल्याकडे संगीत शाळेसारखं शिकवता येतं, हा विचारच मुळी सुमारे दीडशे वर्षांचा आहे. १८७४ मध्ये पुणे गायन समाज स्थापन झाला. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात मौलाबक्षांच्या देखरेखीखाली गायनशाळा सुरू झाली. मग कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर आले. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी विद्या घेतली, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९०८ मध्ये ते मुंबईत आलं. पलुस्करांनी उपदेशक तयार केले, म्हणजे आजच्या भाषेत शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू केलं. त्यांच्या पश्चात शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. आज ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद’, ‘अलंकार’पर्यंत ज्या परीक्षा आपली मुलं देतात त्यांचा उगम तिथे आहे.

दुसरे विष्णु नारायण भातखंडे. पेशाने वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्यांचा ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ हा मोठा ग्रंथ मराठीत आहे आणि तो गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत लिहिलेला आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यात शिष्य प्रश्न विचारतो. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

या दोघांच्या खटाटोपामागे एकच कळकळ होती. विद्या काही घरांत कोंडलेली आहे, ती बाहेर यावी. सभ्य घरातल्या मुलीने गाणं शिकणं म्हणजे बभ्रा होण्याचा तो काळ. परीक्षा, अभ्यासक्रम, पुस्तक, प्रमाणपत्र ही त्या काळात दार उघडण्याची साधनं होती. त्या साधनांची थट्टा करण्याचा आम्हाला अधिकार नाही, तुम्हालाही नाही. आज मध्यमवर्गातल्या हजारो मुली निर्धास्तपणे क्लासला जातात, हे त्यांचं देणं आहे.

पण साधनांचं एक असतं. ज्या कामासाठी ती आणली ते काम विसरलं जातं आणि साधन तेवढं उरतं. गेली काही वर्षं महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्याला शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण असल्यास वाढीव गुण मिळतात. चित्रकलेला मिळतात, लोककलेलाही मिळतात. हेतू चांगला आहे. कलेला गुणपत्रिकेत जागा मिळाली तर पालक मुलाला कलेपासून तोडणार नाहीत, असा तो हिशेब.

मग झालं काय? मूल तबला शिकतं का, हा प्रश्न मागे पडला. दहावीच्या आत किती परीक्षा ‘काढता’ येतील, हा प्रश्न पुढे आला. दात काढतात तशा परीक्षा काढायच्या. आणि दहावीचा अर्ज भरून झाला की तबला माळ्यावर. लोककलेच्या गुणांनाही शेवटी कागदच लागतो, आणि तो कागद देणारी संस्था कुठे असते? शहरात. म्हणजे वसई-दिवा मार्गावरच्या गाडीत बसून जो क्लासला जाऊ शकतो, ज्याचे आईबाप फी भरू शकतात, त्याला गुण. आणि जो पोरगा तिसरीपासून गावच्या भजनात बुवांच्या शेजारी बसून पखवाज वाजवतो आहे, त्याच्या हाताला गुण नाहीत, कारण हातावर शिक्का नाही.

हा अन्याय तर आहेच. पण आमचा मुख्य आक्षेप त्याहून खोलवर जातो. ज्याला गुण मिळतात त्याला तरी संगीत मिळतं का?

एक उदाहरण घेऊ. सुरुवातीच्या रागांत भूप असतोच. मूल पाठ करतं : भूप, थाट कल्याण, जाती औडव-औडव, वर्ज्य मध्यम आणि निषाद, वादी गंधार, संवादी धैवत, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. पैकीच्या पैकी गुण. आता देशकार नावाचा दुसरा राग घ्या. त्यातही तेच पाच स्वर, सा रे ग प ध. पेटीवर बोटं त्याच पट्ट्यांवर पडणार. पण देशकारात धैवत वादी, गाण्याचा ओढा वरच्या अंगाकडे, आणि वेळ सकाळची. स्वर तेच असून राग वेगळा. हे कसं शक्य आहे? तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला झोप लागणार नाही असा हा प्रश्न आहे. घटक तेच असूनही वस्तू वेगळी होते, म्हणजे वस्तूचं असणं घटकांत नाही, त्यांच्यातल्या नात्यात आहे. कुठे थांबायचं, कुठून वळायचं, कोणत्या स्वराला मान द्यायचा, यात राग आहे.

आणि हा प्रश्न आठवीतल्या पोराला कानाने कळू शकतो, बरं का! भूप पाच मिनिटं ऐकवा, देशकार पाच मिनिटं ऐकवा, आणि विचारा, ‘काय बदललं?’ ‘वादी’ हा शब्द नंतर सांगा. आपण उलट करतो. शब्द आधी देतो, आणि ऐकवायचं राहूनच जातं. ‘वादी गंधार’ हे वाक्य मुलाला माहीत असतं, गंधार मात्र माहीत नसतो. भातखंड्यांच्या ग्रंथातला शिष्य प्रश्न विचारत होता. आमच्या परीक्षेतला शिष्य फक्त उत्तरं देतो.

आता दुसरी बाजू, कायद्याची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात म्हटलं आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराच्या वर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. म्हणजे दोन गोष्टी झाल्या. एक, कला अंशकालीन. दुसरी, हा कायदा आठवीला संपतो. नववी-दहावीला त्याचा हात पोचत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचं असावं असं सुचवलं होतं. २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतं की अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय असा भेदच नको. कागदावर सगळं सुंदर आहे. पण नववीचं वेळापत्रक उघडून बघा. संगीताचा तास शोधावा लागेल, आणि सापडला तर त्या तासाला विज्ञानाचा राहिलेला धडा चाललेला असेल.

आणि नेमक्या याच वयात मुलाच्या गळ्यात काय घडत असतं?

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्याचा आवाज फुटतो. स्वरयंत्र मोठं होतं, आतल्या पट्ट्या लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज थोडा उतरतो, काही काळ श्वासाळ होतो, पण तो कोणाच्या लक्षात येत नाही. मुलग्याचं लगेच कळतं, कारण बोलता बोलता आवाज चिरकतो आणि वर्ग हसतो. सातवीपर्यंत प्रार्थनेला पुढे उभं राहून गाणारा मुलगा नववीत मागच्या रांगेत जातो. राष्ट्रगीताला ओठ हलवतो. त्याला वाटतं आपला आवाज गेला. कोणी त्याला सांगत नाही की बाबा, आवाज गेलेला नाही, घर बदलतो आहे. सामान लागायला वेळ लागेल. तोवर थोडं गा, ओढून गाऊ नको, पण बंद करू नको.

यात एक अगदी व्यावहारिक अडचण आहे. ज्यांना पेटी ठाऊक आहे त्यांना लगेच कळेल. मुली आणि लहान मुलगे साधारण काळी चारच्या आसपास सहज गातात. आवाज फुटलेल्या मुलग्याचा षड्ज येतो काळी एकच्या आसपास. वर्गात दोन्ही बसलेले. शिक्षकांनी काळी चार धरली तर मुलग्यांचा गळा फाटतो, आणि ते खालच्या सप्तकात गेले तर आवाज बुडतो. काळी एक धरली तर मुली खाली पुटपुटतात किंवा वर किंचाळतात. मग शिक्षक काय करतात? मुलग्यांना म्हणतात, ‘तुम्ही टाळ्या वाजवा.’ झालं! अर्धा वर्ग संगीतातून बाद. त्यातले बहुतेक आयुष्यभरासाठी बाद.

आता गंमत बघा. ही जी अडचण आहे, तीच या वर्गाचा सर्वात चांगला धडा होऊ शकते. काळी एक आणि काळी चार यांत अंतर किती? षड्ज-पंचमाचं. मुलग्यांना काळी एक षड्ज धरून भूप गायला लावा. सा रे ग प ध म्हणजे पेटीवर काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. आता मुलींना सांगा, पट्ट्या याच, पण तुमचा षड्ज काळी चार. मुलग्यांचा जो पंचम तो मुलींचा सा. त्यांचा धैवत तो यांचा रिषभ. मुलग्यांचा वरचा सा तो मुलींचा मध्यम, रिषभ तो पंचम, गंधार तो धैवत. मुलींच्या हाती काय आलं? सा रे म प ध. म्हणजे दुर्गा! त्याच पाच पट्ट्या, मुलगे भूप गाताहेत आणि मुली दुर्गा. कोणी फळ्यावर मूर्च्छना या शब्दाची व्याख्या लिहिली नाही, आणि मूर्च्छना वर्गात घडली.

हे काही आम्ही शोधलेलं नाही. स्त्री आणि पुरुष गायकांच्या पट्ट्या जुळत नाहीत ही मोठमोठ्या मैफलींतलीही अडचण आहे. पंडित जसराजांनी ‘जसरंगी’ म्हणून जुगलबंदी बांधली, तिच्यात गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग गातात आणि स्वर मात्र एकमेकांत मिसळतात. तिथे नातं षड्ज-मध्यमाचं असतं, एवढाच फरक. थोरामोठ्यांनी ज्या अडचणीतून कला उभी केली, त्याच अडचणीपायी आपण नववीतल्या पोरांना गप्प बसवतो.

इथे ॲरिस्टॉटलची आठवण येणं अपरिहार्य आहे. त्याच्या ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात त्याने हाच प्रश्न घेतला आहे : मुलांनी स्वतः गावं-वाजवावं की नुसतं ऐकायला शिकावं? स्पार्टाचे लोक म्हणत, आम्ही शिकत नाही तरी चांगलं-वाईट आम्हाला कळतं. ॲरिस्टॉटलला ते पटत नाही. त्याचं म्हणणं, जे आपण कधी केलंच नाही त्याची नीट पारख करणं फार अवघड. म्हणून लहानपणी प्रत्यक्ष गा-वाजवा, आणि मोठेपणी सोडलं तरी चालेल, पारख उरते. पण तो मर्यादाही घालतो. स्पर्धेत जिंकण्यासाठी जी कसरत लागते ती शिक्षणात नको. आज टीव्हीवर बालगायकांच्या स्पर्धा बघताना ही ओळ तेवीसशे वर्षं जुनी आहे यावर विश्वास बसत नाही.

आपल्याकडे अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ कोणाला म्हणावं ते सांगितलं. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याचं मन आरशासारखं स्वच्छ झालं तो सहृदय. इथे ‘अभ्यास’ हा शब्द महत्त्वाचा. रसिक जन्मत नाही, घडतो. गायक घडवायला गुरू लागतो, मान्य. पण रसिक कोणी घडवायचा? तो घडवणं हे शाळेचं काम आहे. गायक लाखात एक होईल, ऐकणारा प्रत्येक जण होणार आहे. सुरुवातीला विचारलं ना, ज्याला गायक व्हायचं नाही त्याने का शिकावं? उत्तर हे आहे. कान प्रत्येकालाच वापरायचे आहेत.

आता खारबावकडे वळू. आपण शाळेत संगीत शिकवायला निघतो तेव्हा एक गृहीत धरतो, की मुलाची पाटी कोरी आहे. ‘सा’ पासून सुरुवात. खरंच कोरी आहे का? इथलं मूल शाळेत येतं ते काय घेऊन येतं? संध्याकाळी देवळातला हरिपाठ त्याच्या कानावर असतो. भजनी ठेका त्याच्या अंगात असतो. हळदीतल्या बेंजोवर त्याचे पाय थिरकलेले असतात. गावातला एखादा दहावीतला मुलगा ऑक्टोपॅडवर केरवा असा वाजवतो की शहरातला क्लासवाला बघत राहील, आणि त्याला ‘केरवा म्हणजे किती मात्रा’ विचारलं तर सांगता येत नाही. भिवंडीच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला यंत्रमागाची लय जन्मापासून पाठ असते. आणि आगरी घरातल्या मुलीने लग्नघरी धवला ऐकलेला असतो.

या धवल्याबद्दल थोडं बोललं पाहिजे. आगरी लग्नात धवलारीण गाण्यातून विधी चालवते. पेटी नाही, तबला नाही, पुस्तक नाही. आपल्याला वाटतं, ही म्हाताऱ्या बायकांची जुनी गाणी. आता इतिहास बघा. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर ‘धवळे’ रचले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो, परीक्षेत लिहितो. त्याच शतकात देवगिरीला शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातल्या प्रबंधांत धवल आहे आणि ओवीही आहे. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ज्याला आपण अडाणी समजतो त्याची दखल संस्कृत शास्त्रग्रंथांनी आठ-नऊशे वर्षांपूर्वी घेतली. आजच्या धवल्याची चाल महदंबेच्याच काळातली आहे असं कोणी म्हणू नये. चाली बदलतात. पण नाव, प्रसंग आणि बाईचा गळा ही साखळी तुटलेली नाही. ती तुटली तर आपल्या डोळ्यांदेखत तुटेल.

हंगेरीत झोल्तान कोडाय नावाचे संगीतकार होऊन गेले. त्यांनी आणि बेला बार्टोकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेड्यापाड्यांत हिंडून लोकगीतं गोळा केली. पुढे कोडायनी शाळेतल्या संगीताची सगळी उभारणी त्यावर केली. त्यांचं म्हणणं, जशी बोलण्याची मातृभाषा तशी संगीताचीही मातृभाषा असते, आणि शिक्षण तिच्यापासून सुरू व्हावं. १९५० मध्ये केचकेमेत गावी अशी पहिली गाणारी प्राथमिक शाळा निघाली. आपण मराठी शाळेचा आग्रह धरतो, पण त्याच शाळेत मुलाच्या संगीताच्या मातृभाषेला पायरीवर बसवतो.

कोणी म्हणेल, ‘सर, हे लोकसंगीताचं कौतुक फार होतंय. मग शास्त्रीय नकोच का? आणि डीजेलाही लोकपरंपराच म्हणायचं का?’

शास्त्रीय हवंच. पण त्याचं नातं दाखवून हवं. मुलाला भजनी ठेका येतो, त्याच्या आठ मात्रा त्याच्याकडूनच मोजून घ्या. मग त्याच आठ मात्रांचा केरवा शेजारी ठेवा आणि विचारा, वजन कुठे बदललं? तिथून सहा मात्रांचा दादरा, सोळा मात्रांचा त्रिताल. हा ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याचा रस्ता. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात तो पहिल्या पानावर असतो, वर्गात क्वचित असतो. आणि हो, बायकांच्या विधिगीतांची चाल बहुधा चार-पाच स्वरांत फिरते. ज्याचा आवाज फुटतो आहे त्या मुलाला एवढाच पल्ला झेपतो. त्याच्यासाठी सप्तकभर पळणाऱ्या गाण्यापेक्षा अशी चाल कितीतरी सोयीची. पण एक सांभाळा. धवलारणीला बोलवाल तर स्नेहसंमेलनात नऊवारी नेसवून मिरवायला बोलावू नका. वर्गात शिक्षक म्हणून खुर्ची द्या. प्रमाणपत्र मागू नका.

आता डीजे. कांटने ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये, १७९० साली, संगीताबद्दल एक तक्रार केली आहे. चित्र बघायचं नसेल तर नजर वळवता येते, पण गाणं शेजाऱ्याच्या घरात न बोलावता शिरतं, खिशातून काढलेल्या सुगंधी रुमालाच्या वासासारखं. शेजाऱ्यांच्या भक्तिगीतांचा त्याला त्रास झाला होता. बिचारा हळदीच्या रात्री खारबावला असता तर काय म्हणाला असता कुणास ठाऊक! पण गंमत बाजूला ठेवू. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. नियमाने आवाज थांबतो, आवड बदलत नाही. छातीत धडधड होते तेवढंच संगीत असं ज्याला वाटतं, त्याच्या कानाला दुसरं काही कोणी दिलेलंच नाही. हा दोष त्या पोराचा म्हणायचा की दहा वर्षं त्याला शाळेत बसवून एकदाही शांतपणे ऐकायला न लावणाऱ्या आपला? आज जो नववीत आहे तो दहा वर्षांनी हळदीला काय वाजवायचं ते ठरवणार आहे. त्याची तयारी आत्ता चालू आहे, आपण करा किंवा करू नका.

मग करायचं काय? फार मोठं नाही. नववीला आठवड्याला एक तास, आणि तो खरोखर संगीताचाच. तानपुऱ्याचं ॲप आज कोणत्याही मोबाइलवर फुकट मिळतं, तेव्हा साधन नाही ही सबब संपली. तासाची पहिली पाच मिनिटं तानपुरा लावून नुसतं ऐकणं. मग मुलगे आपला षड्ज शोधतील, मुली आपला. दर महिन्याला तो तपासायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. आवाज फुटणाऱ्या मुलाला आपला षड्ज कसा उतरत गेला हे स्वतःच्या वहीत दिसेल, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही हे न सांगता कळेल. मग एकच ध्वनिमुद्रण तीनदा ऐकायचं, आणि दर वेळी वेगळा प्रश्न : पहिल्यांदा ताल कुठे, दुसऱ्यांदा गाणं कोणत्या स्वरावर विसावतं, तिसऱ्यांदा तुला काय वाटलं आणि का. या ‘का’मध्ये सगळं आहे. ‘मला आवडलं’ याच्यापुढे एक पाऊल टाकून ‘हे ऐका, इथे’ असं दुसऱ्याला दाखवता येणं, यालाच समीक्षा म्हणतात. ती आमच्या विद्यापीठात एम.ए.ला सुरू होते. ती नववीत सुरू व्हायला हरकत नाही.

परीक्षा? घ्यायची असेल तर अशी घ्या, की मुलाला न ऐकलेले दोन तुकडे ऐकवा आणि फरक विचारा. पाठांतराला तिथे जागा उरत नाही, क्लासच्या फीलाही फारशी नाही. आणि वाढीव गुणांचं सरकार काय करायचं ते करेल. तेवढ्यासाठी थांबायची गरज नाही.

शिक्षक कुठून आणायचा, हा शेवटचा प्रश्न उरतो. विशारद शिक्षक मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर गावात बघा. पखवाज वाजवणारे बुवा आहेत, धवलारीण आहे, बेंजो पार्टीतला पोरगा आहे, आणि शाळेत एखादी मराठीची बाई अशी असतेच जिला गाण्याचा कान आहे. या चौघांना एका तासाभोवती बसवणं एकट्या मुख्याध्यापकाचं काम नाही. ते इथे बसलेल्यांचंही आहे. जूनमध्ये वेळापत्रक ठरतं. त्याआधी शाळेच्या समितीच्या बैठकीत एवढंच विचारा, की नववीच्या संगीताच्या तासाला नेमकं काय चालणार आहे? आणि मागच्या रांगेतल्या मुलग्यांना कोणी गायला लावणार आहे की नाही?